चाहत्यांचे रिमेक आणि मॉड: कायदा नेमके काय अडवतो आणि काय सोडतो

६ ऑगस्ट २०१६ रोजी निन्टेंडो या जपानी कंपनीच्या ‘मेट्रॉइड’ या गेममालिकेला तीस वर्षे पूर्ण झाली आणि त्याच दिवशी मिल्टन गुआस्ती या अर्जेंटिनातील चाहत्याने आपला एक गेम इंटरनेटवर मोफत उपलब्ध करून दिला. १९९१ साली गेमबॉय या हातात धरून खेळायच्या यंत्राच्या चार छटांच्या लहानशा पडद्यासाठी आलेल्या ‘मेट्रॉइड २’चा तो नव्याने बांधलेला, रंगीत रिमेक होता आणि त्याचे नाव होते ‘एएम२आर’, म्हणजे ‘अनदर मेट्रॉइड २ रिमेक’. त्यामागे सुमारे दहा वर्षांची फावल्या वेळातली मेहनत होती, कोड नव्याने लिहिलेला होता आणि त्यातून पैसे मिळवण्याचा कोणताही इरादा नव्हता. तरीही एक-दोन दिवसांतच निन्टेंडोच्या नोटिसा गेम ठेवणाऱ्या संकेतस्थळांपर्यंत पोहोचल्या, दुवे काढले गेले आणि सप्टेंबरमध्ये गुआस्ती यांनी पुढचे काम थांबवत असल्याचे जाहीर केले. वर्षभराने, सप्टेंबर २०१७ मध्ये, निन्टेंडोने त्याच गेमचा स्वतःचा रिमेक विक्रीला आणला.

अशा प्रत्येक प्रसंगानंतर एकच प्रश्न विचारला जातो: गेम फुकट दिला, कोड स्वतः लिहिला, मूळ गेमवर प्रेम होते म्हणूनच हे सगळे केले, तर मग कंपनीचे बिघडले काय? प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला ‘कंपन्या लोभी असतात’ किंवा ‘चाहते चोरी करतात’ असे एका वाक्यातले उत्तर देणे दोन्ही बाजूंवर अन्याय करणारे आहे. कायद्याने कंपनीला दिलेला हक्क बहुतेकांना वाटतो त्यापेक्षा बराच मोठा आहे. मात्र तो सगळीकडे सारखा नाही आणि त्याच्या कडेला चाहत्यांना मोकळी असलेली थोडी जागाही आहे. ती जागा ओळखता आली तर दहा वर्षांचे काम दोन दिवसांत गमावण्याची वेळ कदाचित येणार नाही.

आधी गेममध्ये कायद्याच्या दृष्टीने काय काय असते ते पाहिले पाहिजे. गेम ही एकच वस्तू दिसत असली तरी तिच्यात अनेक कृती एकमेकींत गुंफलेल्या असतात. आज्ञावलीचा कोड असतो, त्याला बहुतेक देशांत साहित्यकृतीप्रमाणे संरक्षण मिळते. चित्रे, त्रिमितीय आकृत्या, संगीत, संवाद, कथा आणि पुरेशी ठसठशीत रंगवलेली पात्रे या सगळ्यांवर कॉपीराइट असतो. गेमचे नाव आणि बोधचिन्ह यांवर ट्रेडमार्कचा हक्क असतो, तो कॉपीराइटपेक्षा पूर्णपणे वेगळा आहे. खेळाचे नियम आणि खेळण्याची कल्पना यांवर मात्र कॉपीराइट नसतो. उड्या मारत डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या नायकाचा गेम कोणीही बनवू शकतो, मारिओचा गेम बनवू शकत नाही. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद खटल्यात, एका नाटकावरून चित्रपट बेतल्याच्या वादात, हेच तत्त्व मांडले होते की कल्पना सर्वांची असते, तिची मांडणी मात्र ज्याची त्याची.

ही विभागणी कागदावर स्वच्छ दिसते, प्रत्यक्षात ती फार लवकर धूसर होते. २०१२ साली न्यू जर्सीतील संघराज्य न्यायालयात ‘टेट्रिस’च्या हक्कधारकांनी ‘मिनो’ नावाच्या आयफोन गेमविरुद्ध खटला जिंकला. मिनोच्या निर्मात्यांचे म्हणणे होते की आम्ही फक्त नियम घेतले आणि कोड स्वतःच लिहिला. न्यायालयाने नियम मोकळे आहेत हे मान्य केले, पण ठोकळ्यांचे आकार, रंगांची धाटणी, वीस ओळी आणि दहा रकान्यांची पाटी हे सारे जसेच्या तसे उचलण्याची नियमांमुळे काहीच सक्ती नव्हती, असे ठरवले. म्हणजे कोड नव्याने लिहिल्यामुळे कोडच्या कॉपीराइटपुरता प्रश्न सुटतो, पडद्यावर जे दिसते आणि ऐकू येते त्याचा सुटत नाही. ‘एएम२आर’ची अडचण हीच होती. त्यात मूळ नायिका सॅमस होती, तिचा ग्रह होता, मूळ गेमची रचना होती आणि मालिकेचे नावही होते.

रिमेकपेक्षा मॉडची, म्हणजे खेळाडूंनी मूळ गेममध्ये केलेल्या बदलांची किंवा घातलेल्या भरीची, बाजू अधिक गुंतागुंतीची आहे, कारण मॉडमध्ये पुष्कळदा मूळ गेममधले काहीच नकललेले नसते. या मुद्द्यावरचा सर्वांत उपयोगी निकाल १९९८ सालचा आहे आणि तो जरा सावकाश समजून घेण्यासारखा आहे. ‘ड्यूक न्यूकेम ३डी’ या गेमसोबत खेळाडूंना स्वतःचे टप्पे (लेव्हल) बनवता यावेत म्हणून एक साधन दिले जात असे. लोकांनी शेकडो टप्पे बनवून इंटरनेटवर ठेवले. मायक्रो स्टार नावाच्या कंपनीने त्यांतले तीनशे टप्पे उतरवून घेतले आणि ‘न्यूक इट’ या नावाची सीडी काढून ती विकायला सुरुवात केली. गेमची प्रकाशक कंपनी फॉर्मजेन हिने हरकत घेतल्यावर मायक्रो स्टारने केलेला बचाव सहज पटण्यासारखा होता. सीडीवरच्या फायलींमध्ये एकही चित्र नव्हते. अमुक ठिकाणी भिंत उभी कर, तिथे तमुक क्रमांकाचा पोत लाव, इथे शत्रू ठेव, एवढ्याच सूचना त्यांत होत्या, आणि चित्रे खेळाडूने विकत घेतलेल्या मूळ गेममधून उचलली जात.

अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने हा बचाव फेटाळला. त्या सूचना चालवल्यावर पडद्यावर काय उमटणार हे त्या सूचनांमध्येच तपशिलाने आणि कायमस्वरूपी नोंदवलेले आहे, आणि जे उमटते ते ड्यूक या नायकाचे नवे साहस आहे, म्हणजेच मूळ कथेचा पुढचा भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. एखाद्याच्या गाजलेल्या नाटकातली पात्रे घेऊन दुसऱ्याने नव्या प्रवेशांची संहिता लिहिली, तर त्या संहितेत नेपथ्याचे एकही चित्र नसले तरी ती मूळ नाटकावरच उभी असते, तसेच हे झाले. मूळ कृतीवर आधारित नवी कृती तयार करण्याचा हक्क मूळ हक्कधारकाकडे असतो. अमेरिकी कायदा तिला साधित कृती म्हणतो, भारतीय कायद्यात रूपांतराचा हक्क त्याच्या जवळ जातो. याच निकालातला दुसरा मुद्दा चाहत्यांच्या अधिक उपयोगाचा आहे. फॉर्मजेनने खेळाडूंना टप्पे बनवायला परवानगी दिली होती, पण ते केवळ मोफत वाटण्याच्या अटीवर. मोफत वाटप चालू दिले म्हणून आपला हक्क सोडून दिला असे होत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. मॉडची सगळी दुनिया आजही बहुतांशी याच पायावर उभी आहे: हक्क प्रकाशकाचा, परवानगी मर्यादित, आणि मर्यादा कोणती ते परवान्याच्या कागदात लिहिलेले.

मूळ गेममध्ये केलेला प्रत्येक बदल मात्र साधित कृती ठरत नाही. याच न्यायालयाने १९९२ साली ‘गेम जिनी’ या उपकरणाबाबत निन्टेंडोच्या विरोधात निकाल दिला होता. हे उपकरण खेळाचे यंत्र (कन्सोल) आणि त्यात घालायची गेमची कार्ट्रिज यांच्यामध्ये बसत असे आणि खेळ चालू असताना एखादा आकडा बदलून मारिओला जादा जीव देत असे. त्यातून कोणतीही कायम टिकणारी नवी कृती तयार होत नाही, म्हणून उल्लंघन नाही, असा तो निकाल होता. हाच प्रश्न जपानमध्ये आला तेव्हा उत्तर उलटे आले. ‘तोकिमेकी मेमोरियल’ या कोनामीच्या गेममध्ये नायकाला आपले गुण हळूहळू वाढवत न्यावे लागतात, पण बाजारात अशी मेमरी कार्डे आली की ज्यांमुळे ते गुण पहिल्यापासूनच भरपूर असत. यामुळे कथेचा लेखकाने ठरवलेला ओघ बिघडतो आणि कृतीची अखंडता जपण्याच्या लेखकाच्या नैतिक हक्काचा भंग होतो, असे जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी २००१ रोजी ठरवले. युरोपीय संघाच्या न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२४ रोजी सोनी विरुद्ध डेटेल या प्रकरणात पुन्हा तिसरीच वाट घेतली. सोनीच्या पीएसपी या हातात धरायच्या यंत्रावरील एका शर्यतीच्या गेममध्ये वेग वाढवण्याच्या सोयीवरची मर्यादा उठवणारे डेटेलचे साधन खेळ चालू असताना केवळ स्मृतीतील आकडे बदलते, कोडला हात लावत नाही, आणि ते आकडे आज्ञावलीच्या संरक्षणात येत नाहीत, असे त्या न्यायालयाने सांगितले.

जपानी कंपन्या चाहत्यांच्या कामाबाबत इतक्या कडक का असतात याचे एक कारण मला या फरकात दिसते. ज्या देशात आकडे बदलणेसुद्धा लेखकाच्या कृतीला धक्का मानले जाते आणि जिथे अमेरिकेसारखा व्यापक ‘फेअर यूज’चा, म्हणजे परवानगीशिवाय केलेल्या उचित वापराचा, बचाव कायद्यात नाही, तिथल्या वकिलांना चाहत्याचा रिमेक निष्पाप वाटण्याची शक्यता कमीच.

फेअर यूजवर चाहत्यांची फार भिस्त असते, म्हणून त्याबद्दल स्पष्ट लिहिले पाहिजे. अमेरिकी न्यायालये चार गोष्टी एकत्र तोलतात: वापराचा हेतू आणि स्वरूप, मूळ कृतीचा प्रकार, किती आणि कोणता भाग घेतला, आणि मूळ कृतीच्या बाजारावर होणारा परिणाम. काम विनामूल्य असणे पहिल्या कसोटीत थोडे बाजूने पडते, पण तेवढेच. पूर्ण रिमेक मूळ कृतीचा गाभा घेतो, ती काल्पनिक सर्जनशील कृती असल्याने तिला संरक्षण अधिक असते, आणि हक्कधारक स्वतः उद्या जो रिमेक विकू शकेल त्याचीच जागा तो व्यापतो. मूळ कंपनी तेव्हा रिमेक करत नसली तरी तसा रिमेक करण्याची तिची संधी हाही बाजाराचाच भाग मानला जातो. विडंबन, समीक्षा, संशोधन यांना फेअर यूजचा आधार मिळू शकतो. ‘मला हा गेम आजच्या पडद्यावर सुंदर दिसायला हवा होता’ ही इच्छा कितीही मनापासून असली तरी तिला तो आधार सहसा मिळत नाही.

याच ओघात तीन समजुतींचाही निकाल लावायला हवा. ‘कॉपीराइटचे उल्लंघन करण्याचा हेतू नाही’ अशी ओळ गेमच्या सुरुवातीला लिहिल्याने काहीही फरक पडत नाही. गेम आता कुठे विकत मिळत नाही म्हणून तो बेवारस झाला असेही नसते: अमेरिकेत कंपनीच्या मालकीच्या कृतीला प्रकाशनापासून ९५ वर्षे संरक्षण आहे, त्यामुळे १९९१ सालचा गेम तिथे २०८६ अखेरपर्यंत बंद राहील. इतकी लांब मुदत व्हिडिओ गेमसारख्या झपाट्याने कालबाह्य होणाऱ्या माध्यमाला अजिबात शोभत नाही असे माझे ठाम मत आहे, पण आजचा कायदा तोच आहे. उलट बाजूने, ‘कंपनीने कारवाई केली नाही तर तिचा हक्क जातो, म्हणून बिचारीला नाइलाजाने नोटीस पाठवावी लागते’ हेही फारसे खरे नाही. न वापरल्याने किंवा न जपल्याने दुबळा होऊ शकतो तो ट्रेडमार्क, कॉपीराइट असा गळून पडत नाही. आणि ट्रेडमार्क जपायचाच असेल तर साधी परवानगी देऊनही तो जपता येतो. ‘हाफ-लाइफ’चा चाहत्यांनी केलेला रिमेक ‘ब्लॅक मेसा’ आधी ‘ब्लॅक मेसा: सोर्स’ या नावाने ओळखला जाई. सोर्स हे ‘हाफ-लाइफ’ची कंपनी व्हॉल्व हिच्या इंजिनचे, म्हणजे गेम चालवणाऱ्या पायाभूत आज्ञावलीचे, नाव असल्याने कंपनीने तेवढा शब्द काढायला सांगितला आणि प्रकल्प चालू दिला. २०१२ साली तो मोफत आला, पुढे व्हॉल्वच्याच संमतीने तिच्या स्टीम या ऑनलाइन दुकानात विक्रीला गेला आणि मार्च २०२० मध्ये पूर्ण झाला.

कॉपीराइटच्या शेजारी दुसरी भिंत असते ती कराराची. गेम सुरू करताना न वाचता ‘मान्य आहे’ म्हटले जाते तो वापर-परवाना. ब्लिझार्ड या गेम कंपनीच्या ऑनलाइन सेवेला पर्याय म्हणून काही स्वयंसेवकांनी ‘बीनेटडी’ हा मोफत सर्व्हर लिहिला होता. २००५ साली अमेरिकेच्या आठव्या सर्किटच्या न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला, कारण परवान्यात उलट-अभियांत्रिकी (तयार आज्ञावली उकलून तिची रचना शोधणे) न करण्याची अट त्यांनी स्वीकारली होती आणि शिवाय कंपनीचे तांत्रिक कुलूप त्यांनी ओलांडले होते. मॉडच्या मालकीबाबत परवाने किती टोकाचे असू शकतात हे दोन उदाहरणांत दिसते. ‘माइनक्राफ्ट’चा परवाना सांगतो की मॉड तुम्ही मुळापासून लिहिला असेल तर तो तुमचा, फक्त तो विकू नका आणि आमचा कोड त्यात घालून वाटू नका. ‘वॉरक्राफ्ट ३’च्या जानेवारी २०२० मधल्या नव्या आवृत्तीसोबत आलेल्या अटी सांगतात की तुम्ही बनवलेल्या खेळाचे सर्व हक्क ब्लिझार्डचे. या दुसऱ्या अटीमागे जुनी सल आहे: वॉरक्राफ्टच्याच नकाशांमधून जन्मलेला ‘डोटा’ हा मॉड पुढे स्वतंत्र गेम म्हणून व्हॉल्वकडे गेला. आज हे दोन्ही परवाने मायक्रोसॉफ्टच्या छत्राखाली आहेत. पहिल्या प्रकारचा मजकूर सर्व कंपन्यांनी स्वीकारावा असे मला मनापासून वाटते, कारण त्यात प्रकाशकाचे काहीच जात नाही आणि मॉड करणाऱ्याला आपण कुठे उभे आहोत हे पहिल्या दिवशी कळते.

हक्क असणे आणि तो कोर्टात सिद्ध करावा लागणे यांत अंतर असते, पण प्रत्यक्षात बहुतेक प्रकरणे कोर्टापर्यंत जातच नाहीत. अमेरिकेच्या १९९८ सालच्या डीएमसीए कायद्यानुसार हक्कधारकाने संकेतस्थळाला नोटीस दिली की संकेतस्थळ स्वतःची जबाबदारी टाळण्यासाठी मजकूर काढून टाकते. ज्याचे काम काढले तो प्रतिनोटीस देऊ शकतो, आणि हक्कधारकाने ठरावीक मुदतीत दावा लावला नाही तर मजकूर परत चढवता येतो. ही वाट कुठे घेऊन जाते हे ‘आरई३’ प्रकल्पाने दाखवले. काही चाहत्यांनी ‘जीटीए ३’ आणि ‘व्हाइस सिटी’ या गेमचा यंत्रभाषेतला कोड उकलून तो माणसाला वाचता येईल अशा रूपात पुन्हा लिहिला. खेळायला मूळ गेमच्या फायली लागतच, पण जुने दोष दूर झाले होते आणि गेम नव्या यंत्रांवर चालू लागला होता. आपल्याकडे घरोघरच्या संगणकांवर ज्या पिढीने ‘व्हाइस सिटी’ खेळला तिला याचे मोल सांगायला नको. फेब्रुवारी २०२१ मध्ये या गेमची प्रकाशक टेक-टू कंपनीने गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरून तो काढायला लावला, प्रतिनोटिशीनंतर तो परत आला आणि सप्टेंबरमध्ये कंपनीने कॅलिफोर्नियात थेट खटला भरला. कोड नव्याने हाताने लिहिला असला तरी तो मूळ कोडवरून उतरवलेला आहे, असा कंपनीचा मुद्दा, तर एकमेकांशी जुळवून घेणारी आज्ञावली करण्यासाठी उकल करणे फेअर यूज आहे, असा प्रतिवाद्यांचा. १९९२ सालचा सेगा विरुद्ध अकोलेड हा निकाल अशा उकलीला काही प्रमाणात पाठिंबा देतो, पण तिथे उकल करून जे बनवले होते ते स्वतंत्र गेम होते, इथे तोच गेम होता. निकाल लागण्यापूर्वी २०२३ साली प्रकरण आपसांत मिटले, त्यामुळे हा फार महत्त्वाचा प्रश्न अनुत्तरितच राहिला. खटला भरल्यानंतर दोनच महिन्यांत कंपनीची स्वतःची सुधारित आवृत्ती बाजारात आली होती, हा योगायोग नसावा.

याच कंपनीने २०१७ साली ‘ओपनआयव्ही’ हे मॉडचे साधन बंद पाडण्याचा प्रयत्न केला होता. खेळाडूंचा क्षोभ इतका झाला की टेक-टूच्याच मालकीच्या, ‘जीटीए’ बनवणाऱ्या रॉकस्टारने काही दिवसांतच लेखी निवेदन काढले: एकट्याने खेळायच्या भागाचे, विनाव्यापारी मॉड असतील आणि त्यांत इतरांची बौद्धिक संपदा नसेल, तर साधारणपणे कारवाई केली जाणार नाही. हे वाक्य नीट वाचले पाहिजे. त्यात हक्क दिलेला नाही, तूर्त कारवाई न करण्याचा मनोदय सांगितलेला आहे, आणि मनोदय बदलता येतो. सेगाने २०११ साली ‘स्ट्रीट्स ऑफ रेज’चा आठ वर्षे खपून केलेला चाहत्यांचा रिमेक प्रसिद्धीनंतर काही दिवसांतच काढायला लावला. त्याच सेगाने सॉनिकच्या चाहत्यांमधून पुढे आलेल्या क्रिश्चन व्हाइटहेड यांना बरोबर घेऊन २०१७ साली ‘सॉनिक मेनिया’ अधिकृतपणे प्रसिद्ध केला. कॅपकॉमने ‘रेसिडेंट इव्हिल २’चा रिमेक करणाऱ्या इटालियन चमूला २०१५ साली थांबवले, पण ओसाकाला चर्चेसाठी बोलावलेही. त्या चमूने पुढे स्वतःचीच कथा आणि पात्रे घेऊन ‘डेमेअर: १९९८’ हा वेगळा गेम केला. मला हा मार्ग सर्वांत स्वाभिमानी वाटतो, कारण जे कौशल्य रिमेकमध्ये कमावले ते कोणाच्या परवानगीवर अवलंबून राहिले नाही.

कधी कधी प्रकाशकाची इच्छा असूनही त्याला परवानगी देता येत नाही. ‘फॉलआउट ३’ची भूमी ‘फॉलआउट ४’च्या इंजिनमध्ये उभी करणाऱ्या ‘कॅपिटल वेस्टलँड’ प्रकल्पाला २०१८ साली या गेमची प्रकाशक कंपनी बेथेस्डा हिच्याशी बोलल्यावर कळले की जुन्या गेममधले आवाज नव्या गेममध्ये वापरणे कायद्यात बसणार नाही. कलाकारांचे आवाज, गाजलेली गाणी, खऱ्या मोटारींची बोधचिन्हे हे सगळे प्रकाशकाने दुसऱ्यांकडून मर्यादित परवान्यावर घेतलेले असते. ‘व्हाइस सिटी’च्या नंतरच्या आवृत्त्यांतून तर खुद्द प्रकाशकालाच काही गाणी वगळावी लागली. म्हणून मॉडमध्ये रेडिओवरची खरी गाणी किंवा दुसऱ्या गेममधली पात्रे घालणे हे सर्वांत अविचारी पाऊल आहे: एकाची हरकत नसली तरी दुसऱ्याची येते.

टिकून राहिलेल्या प्रकल्पांकडे पाहिले की एक कार्यपद्धती वारंवार दिसते. आपण वाटायचे ते फक्त स्वतः केलेले, आणि मूळ गेमचे जे काही लागेल ते खेळाडूने आपल्या कायदेशीर प्रतीतून आणायचे. ‘डूम’ने १९९३ मध्येच इंजिन आणि चित्र-ध्वनींची फाइल वेगवेगळी ठेवली होती, आणि म्हणूनच तिचे मॉड इतके बहरले. ‘सुपर मारिओ ६४’च्या बाबतीत हा फरक फार स्पष्ट दिसतो. चाहत्यांनी उकललेला त्याचा कोड २०१९ पासून सार्वजनिक आहे आणि त्यात निन्टेंडोची चित्रे वा संगीत नाही. ज्याच्याकडे मूळ गेमची प्रत आहे त्याने ती देऊन आपल्याच संगणकावर सगळे जुळवून घ्यायचे असते. २०२० साली कोणीतरी हे जुळवण्याचे काम आधीच करून, चित्र-संगीतासकट चालणारी तयार फाइल इंटरनेटवर ठेवली, तेव्हा निन्टेंडोने त्या तयार फायलीचे दुवे काढायला लावले, कोडचे भांडार मात्र राहिले. या पद्धतीने कोडवरचा वाद मिटतो असे नाही, ‘आरई३’नेही हीच काळजी घेतली होती. पण धोका निश्चितच कमी होतो. ‘स्कायविंड’ आणि ‘स्कायब्लिव्हियन’ या बेथेस्डाच्या जुन्या गेमच्या रिमेक प्रकल्पांनी तर प्रत्येक चित्र नव्याने काढले, खेळाडूकडे जुना आणि नवा असे दोन्ही गेम असण्याची अट घातली, आणि बेथेस्डाने त्यांना आडकाठी केलेली नाही.

पैशाचा विषय थोडक्यात. देणगी, जाहिरात, आधी पैसे भरणाऱ्याला आधी मॉड, यांपैकी काहीही आले की अनेक परवान्यांची मर्यादा ओलांडली जाऊ शकते. एप्रिल २०१५ मध्ये व्हॉल्व आणि बेथेस्डा यांनी ‘स्कायरिम’चे मॉड अधिकृतपणे विकण्याची सोय केली तेव्हा मॉड करणाऱ्याच्या वाट्याला २५ टक्के येणार होते. विरोधामुळे ती काही दिवसांतच मागे घ्यावी लागली.

आता भारतातून, मग पुण्यातून असो वा पणजीतून, मॉड करणाऱ्याला लागू होणारे कायदे. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, पण आज्ञावलीबाबत तो अनपेक्षितपणे उदार आहे. कलम ५२ च्या पोटकलमांनुसार कायदेशीरपणे मिळवलेल्या स्वतःच्या प्रतीवरून, वैयक्तिक आणि विनाव्यापारी वापरासाठी, आज्ञावलीची प्रत किंवा रूपांतर करणे हे उल्लंघन नाही. दुसऱ्या स्वतंत्र आज्ञावलीशी मेळ बसवण्यासाठी आवश्यक माहिती मिळवणे आणि आज्ञावली कशी चालते याचा अभ्यास करणे यांनाही, काही अटींसह, मुभा आहे. आज्ञावली सोडून इतर कृतींच्या, म्हणजे चित्रे-संगीत इत्यादींच्या, खासगी वापरासाठी उचित व्यवहाराची वेगळी तरतूद आहे. कलम ६५अ नुसार तांत्रिक कुलूप तोडणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र गुन्हा आहे, पण हक्काचे उल्लंघन करण्याच्या हेतूने तोडले तरच, आणि अमेरिकी कायद्यात नसलेली ही हेतूची अट आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीत जाणीवपूर्वक ठेवली गेली. तेव्हा विकत घेतलेल्या गेममध्ये स्वतःसाठी मराठी मजकूर बसवणे किंवा एखादा दोष दुरुस्त करणे यात, परवान्याच्या अटींचा प्रश्न वेगळा ठेवला तर, कॉपीराइटची भीती बाळगण्याचे कारण दिसत नाही.

तीच गोष्ट इंटरनेटवर चढवली की ‘वैयक्तिक वापर’ हा शब्द उरत नाही आणि सूट संपते. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनासाठी कलम ६३ मध्ये तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. तक्रार आल्यावर भारतीय संकेतस्थळाला ३६ तासांत मजकूर बंद करावा लागतो, आणि २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही तर तो पुन्हा सुरू करता येतो. पण मॉड ठेवले जातात त्यांपैकी गिटहबसारखी बरीच मोठी ठिकाणे अमेरिकी कंपन्यांची आहेत. त्यामुळे कोल्हापुरात बसून केलेल्या मॉडलाही पहिली नोटीस येईल ती बहुधा डीएमसीएखालची, आणि तिला प्रतिनोटीस द्यायची तर त्या अर्जात, अमेरिकेबाहेर राहणाऱ्याने सुद्धा, तिथल्या संघराज्य न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य असल्याचे लिहून द्यावे लागते, शिवाय त्यातली विधाने खोटी निघाल्यास शपथभंगाची जबाबदारी घ्यावी लागते. ‘आरई३’च्या प्रतिवाद्यांमध्ये अमेरिकेबाहेरची माणसे होती आणि तरीही खटला कॅलिफोर्नियातच उभा राहिला. म्हणून प्रतिनोटिशीचे बटण दाबण्याआधी या विषयातल्या वकिलाला कागद दाखवावेत, आणि त्याहीआधी, प्रकल्पाच्या पहिल्याच आठवड्यात, त्या गेमचा परवाना उघडून त्यातला मॉडविषयीचा परिच्छेद शब्दन्‌शब्द वाचावा.